इंग्लंडच्या खालच्या फुटबॉल लीगमध्ये अडकलेला पंचविशीपुढचा स्ट्रायकर प्रीमियर लीगपर्यंत पोहोचू शकतो का?

तुमच्या प्रश्नाचा रोख असा आहे की, जो स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, पंचविशी उलटली तरी इंग्लंडच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीवरच खेळतो आहे, त्याला प्रीमियर लीगमधला एखादा क्लब कधी विकत घेईल का. असे खेळाडू वर गेलेले आहेत, हे खरे. मात्र त्यांच्यापैकी जे मला ठाऊक आहेत त्यांना वरून कोणी उचलून नेलेले नाही. ते ज्या क्लबाकडून खेळत होते तो क्लबच पायरी-पायरीने वर चढला आणि तेही त्याच्याबरोबर चढले. इंग्लंडचा माजी स्ट्रायकर रिकी लँबर्ट याच्या कारकिर्दीत हे फार स्वच्छ दिसते, म्हणून त्याच्याच आधारे उत्तर देतो.

प्रीमियर लीगच्या 20 संघांखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू असे प्रत्येकी 24 संघांचे तीन विभाग आहेत. म्हणजे नाव 'लीग वन' असले तरी ती प्रत्यक्षात तिसरी पातळी होय. लँबर्टची उमेदीची सगळी वर्षे या खालच्या दोन विभागांत गेली.

त्याचा जन्म 1982 साली लिव्हरपूलजवळच्या कर्कबी येथे झाला. लहानपणी तो लिव्हरपूलच्याच अकादमीत होता, परंतु 15व्या वर्षी त्याला तिथून नारळ मिळाला. पुढे ब्लॅकपूलने त्याला मोजके सामने खेळवून सोडून दिले, आणि हाती करार नसलेल्या त्या दिवसांत त्याने बीट भरणाऱ्या कारखान्यात बरण्यांना झाकणे लावण्याचे काम केले. मजुरी दिवसाला 20 पौंड. त्यानंतर मॅक्लसफिल्ड, तिथून 2002 मध्ये 3 लाख पौंडांना स्टॉकपोर्ट, 2005 मध्ये रॉचडेल आणि 2006 मध्ये 2 लाख पौंडांना ब्रिस्टल रोव्हर्स, असा त्याचा प्रवास झाला. म्हणजे चार वर्षांत त्याची किंमत वाढण्याऐवजी उतरली होती. तो चपळ कधीच नव्हता, आणि खालच्या पातळीवर मंद आघाडीपटूवर एकदा शिक्का बसला की त्याच्या पायातली नजाकत पाहायला कोणी थांबत नाही.

रोव्हर्सबरोबर त्याला पहिली बढती, म्हणजे क्लबासह वरच्या विभागात जाण्याची संधी, मिळाली. 2007 मध्ये वेम्बलीवर प्ले-ऑफची, म्हणजे बढतीसाठीच्या बाद फेरीची, अंतिम लढत जिंकून हा क्लब लीग वनमध्ये आला. पुढच्याच मोसमात, 16 फेब्रुवारी 2008 रोजी, म्हणजे लँबर्टच्या 26व्या वाढदिवशी, एफए कप या सगळ्या पातळ्यांवरच्या क्लबांच्या बाद स्पर्धेत रोव्हर्सची गाठ वरच्या विभागातल्या साउदम्प्टनशी पडली आणि सामना संपायला काही मिनिटे उरलेली असताना त्याच्या फ्री किकवर एकमेव गोल झाला. 2008-09 मध्ये त्याने लीगमध्ये 29 गोल केले. इतके गोल करणारा स्ट्रायकर एखाद्या प्रीमियर लीग क्लबाने घ्यायला हवा होता, असे आज आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ऑगस्ट 2009 मध्ये त्याला सुमारे 10 लाख पौंडांना घेतले ते साउदम्प्टननेच, आणि तेव्हा तो क्लब स्वतः घसरून लीग वनमध्ये आला होता. क्लब आर्थिक दिवाळखोरीच्या तोंडाशी गेल्यामुळे 10 गुणांची कपात सोसून त्याला मोसम सुरू करावा लागणार होता. मात्र मार्कुस लीबहेर या उद्योगपतीने त्याच उन्हाळ्यात क्लब विकत घेतला होता, म्हणून तिसऱ्या पातळीवर असूनही एवढी रक्कम मोजणे त्यांना परवडले. माझ्या दृष्टीने लँबर्टच्या आयुष्यातला निर्णायक क्षण हाच आहे.

तिथले प्रशिक्षक अॅलन पार्ड्यू यांनी त्याला सुरुवातीलाच वजनावरून स्पष्ट शब्दांत सुनावले, असे लँबर्टने पुढे स्वतः सांगितले आहे. पहिला स्पर्श, हवेतला चेंडू, जोरकस फटका हे सारे त्याच्याकडे आधीपासून होते. कमी होता तो दम. पहिल्या मोसमात त्याने लीगमध्ये 30 गोल केले, 2011 मध्ये क्लब चॅम्पियनशिपमध्ये गेला आणि लगेच 2012 मध्ये प्रीमियर लीगमध्ये. त्या चॅम्पियनशिप मोसमात 27 गोलांसह तो विभागात अव्वल होता. साउदम्प्टनसाठी त्याने 34 पेनल्टी घेतल्या आणि 34 गोल केले. एकही चुकली नाही. प्रीमियर लीगमधला पहिला सामना तो खेळला तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती. मँचेस्टर सिटी या गतविजेत्यांविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्यात गोलही केला, जरी सामना 3-2 असा हातचा गेला तरी. मोसमाअखेर त्याच्या नावावर 15 गोल होते.

14 ऑगस्ट 2013 चा इंग्लंड-स्कॉटलंड सामना मी जागून पाहिला होता. आपल्याकडे तारीख उलटून 15 ऑगस्ट लागला होता आणि घड्याळ दोनच्या आसपास होते. 2-2 अशी बरोबरी असताना वेन रूनीच्या जागी लँबर्ट मैदानात आला, लगेच कॉर्नर मिळाला, लेटन बेन्सने चेंडू उंच टाकला आणि लँबर्टने उडी घेऊन डोक्याने तो जाळ्यात धाडला. 31व्या वर्षी राष्ट्रीय संघात पदार्पण आणि पहिल्याच स्पर्शाला विजयी गोल. घरातले झोपलेले असल्यामुळे मला ओरडताही आले नाही.

हा एकट्याचा नशिबाचा भाग होता, असे म्हणता आले असते. पण रॉचडेलमध्ये त्याच्या जोडीला खेळणारा ग्रँट होल्टही 2009 च्याच उन्हाळ्यात लीग वनमध्ये घसरलेल्या नॉर्विचकडे गेला, लागोपाठ दोन बढत्या मिळवून वर आला आणि 2011-12 च्या प्रीमियर लीगमध्ये त्यानेही 15 गोल केले. जेमी वार्डी या स्ट्रायकरला 2012 मध्ये लेस्टरने घेतले तेव्हा लेस्टरही चॅम्पियनशिपमध्येच होते, आणि तोही क्लबाबरोबरच वर गेला. त्यामुळे तुमच्या मनात एखादा विशिष्ट खेळाडू असेल, तर त्याच्या गोलांइतकेच त्याच्या क्लबाचे मालक कोण आहेत आणि क्लबाची खरी ऐपत किती आहे, हेही पाहावे.

लँबर्टला त्याच्या क्लबाहून मोठ्या क्लबाने खरोखर विकत घेतले ते 2014 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी. तो क्लब होता लिव्हरपूल, ज्याने त्याला पोरवयात काढून टाकले होते. किंमत सुमारे 40 लाख पौंड. तिथे त्याला बहुतेक वेळ बाकावर बसावे लागले आणि लीगमध्ये त्याचे अवघे 2 गोल झाले. पुढे तो वेस्ट ब्रॉम आणि कार्डिफकडून खेळला आणि ऑक्टोबर 2017 मध्ये निवृत्त झाला.