जुना पीसी थोडाथोडा अपग्रेड करत राहावा की सरळ नवीन असेंबल करावा? तुमचा अनुभव काय?

तुम्ही लिहिलंय की घरी चौथ्या जनरेशनचा आय5 आहे, 8 जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. पीसी सुरू व्हायला चहा होऊन जातो. आणि दुकानदार म्हणतोय, नवा मदरबोर्ड-प्रोसेसर घ्या, जरा वरचा बोर्ड घ्या, म्हणजे पुढे अपग्रेड करता येईल.

या शेवटच्या वाक्यामुळेच उत्तर लिहायला बसलो. हे वाक्य मी 1999 पासून ऐकतोय. आतापर्यंत पाच मदरबोर्ड झाले. त्यात ते एकदाच खरं ठरलं.

पहिला पीसी घ्यायला मी आणि बाबा डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठला. बाबांनी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढलं होतं. पैसे बनियनच्या खिशात, त्यामुळे गाडीत हात सतत छातीवर. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. यादी ठरली: सेलेरॉन 300ए, 64 एमबी रॅम, 4.3 जीबीची हार्ड डिस्क, 15 इंची मॉनिटर. मग दुकानदार म्हणाला, "अंकल, बीएक्स बोर्ड लो. आगे जाके पेंटियम थ्री डाल देना, पाँच साल छुट्टी." बाबांनी त्या वरच्या बोर्डासाठी दोनेक हजार जास्त मोजले.

तेव्हा प्रोसेसर चपटा नव्हता, पत्त्याच्या कार्डासारखा उभ्या खाचेत बसायचा. त्याला स्लॉट 1 म्हणायचे. माझ्याकडे पेंटियम थ्रीचे पैसे जमेपर्यंत 2002 उजाडलं होतं आणि इंटेल केव्हाच परत चपट्या सॉकेटवर गेली होती. स्लॉटचा प्रोसेसर नवा मिळेना, जुना मिळाला तर भाव ऐकून हसू येई.

पण ते दोन हजार वाया गेले असंही म्हणवत नाही. 300ए हा प्रोसेसर हौशी लोकांमध्ये का गाजला, तर त्याचा गुणक 4.5 ला कायमचा बांधलेला होता आणि बस, म्हणजे बोर्डाचा मूळ ठेका, 66 मेगाहर्ट्झची. दोन्हींचा गुणाकार म्हणजे प्रोसेसरचा वेग. बीएक्स बोर्डावर बस 100 ला नेली की साडेचार गुणिले शंभर, 450. म्हणजे 300 चा प्रोसेसर दीडपट वेगाने, फुकटात. मी एका रविवारी बाबा बाजारात गेल्यावर बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्राममध्ये जाऊन हे करून बसलो. चाललं! मे महिन्यात मात्र दुपारी मशीन हँग व्हायला लागलं. मग कॅबिनेटची एक बाजू कायमची काढून ठेवली आणि समोर टेबलफॅन लावला. बाबा पंख्याखाली, कॉम्प्युटर पंख्यासमोर, आई स्वयंपाकघरात घामाघूम. यावरून घरात जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

दुसरा बोर्ड 2002 चा, अॅथलॉन एक्सपी 1700+ साठी. हा मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जोडला. ज्यांनी त्या काळात एएमडीचा (इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा) प्रोसेसर बसवलाय त्यांना आठवत असेल: वर धातूचं झाकण नाही, मधोमध उघडा कोअर, नखाएवढा. त्यावर कूलर टेकवायचा आणि त्याची पोलादी क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबून सॉकेटच्या कानात अडकवायची. कूलर जरा तिरका टेकला तर कोअरचा कोपरा उडायचा, आणि स्क्रूड्रायव्हर सटकला तर थेट मदरबोर्डवर. मी जमिनीवर मांडी घालून, श्वास रोखून ती क्लिप लावली. सटकला नाही. इतका खूश झालो की त्या नादात समोरच्या बटणांच्या वायरी उलट्या लावल्या आणि अर्धा तास प्रोसेसर गेला असं समजून बसलो.

इथेही दुकानदाराचं तेच: "पुढे मोठा अॅथलॉन टाका." तो टाकायच्या आत एसएमपीएसने, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याने, निकाल लावला. 2005 च्या आसपासचं लोडशेडिंग डोंबिवलीकरांना सांगायला नको. वीज गेली की त्रास नसायचा, परत यायची तेव्हा झटका देत यायची. आमचा एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला, वर 400 वॅटचं स्टिकर. एका संध्याकाळी वीज आली, फट् असा आवाज झाला, जळका वास सुटला. बोर्ड गेला, हार्ड डिस्क गेली, तिच्यात बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. ते पुन्हा मिळाले नाहीत.

एसएमपीएस उघडून पाहिला तर आत निम्मी जागा रिकामी. जिथे मोठी कॉइल, फिल्टर हवेत तिथे नुसती भोकं, आणि हीट सिंक बिस्किटाच्या पत्र्यासारखा पातळ. तेव्हापासून मी दुकानात आधी एसएमपीएस हातात घेऊन वजन बघतो. शास्त्रशुद्ध पद्धत नाही ही, पण हलका तो हलकाच निघालाय. आणि स्टिकरवरचे एकूण वॅट वाचण्यापेक्षा 12 व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. खरा आकडा तिथे असतो.

तिसरा बोर्ड 2007 चा, कोअर 2 ड्युओसाठी. "आगे क्वाड डालो." नाही टाकला. तीन-चार वर्षांनी रॅम वाढवायला गेलो तर बाजारात डीडीआर3 आलेली, आणि माझ्या बोर्डाला लागणारी जुनी डीडीआर2 तिच्यापेक्षा महाग! हे दर पिढीला होतं. जुन्या प्रकारची रॅम बनणं कमी झालं की ती स्वस्त होत नाही, उलट चढते. म्हणून रॅम वाढवायची तर बोर्ड ऐन भरात असताना वाढवावी.

चौथा 2012 चा, आय5. आदल्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आले होते, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि आपल्याकडेही भाव भडकले. मी वैतागून जुनीच हार्ड डिस्क लावली आणि वर्षभराने उरलेल्या पैशांत 120 जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, घेतली. सगळ्या खरेदीत याहून मोठा फरक मला दुसऱ्या कशानेच जाणवला नाही. 300 चा 450 केला तेव्हाही नाही. या मशीनने सहा वर्षं तक्रार केली नाही. प्रोसेसर बदलायचा प्रश्नच आला नाही, 2013 मध्ये सॉकेटही बदललं होतं.

आता दुकानदाराचं ते वाक्य एकदाच खरं ठरलं तो प्रसंग. 2018 मध्ये रायझन 5 1600 घेतला, बी350 बोर्डावर, स्वस्तातल्या. एएमडीने एएम4 सॉकेट खरंच टिकवलं, आणि 2022 मध्ये त्याच बोर्डावर रायझन 5 5600 बसेल असा बायॉस आला. बायॉस चढवताना वीज गेली तर बोर्डाचा दगड होतो, म्हणून यूपीएस लावला आणि बायकोला म्हटलं, दहा मिनिटं मिक्सर लावू नकोस. बायॉस नीट चढला. मग कूलर काढायला घेतला आणि सरळ वर ओढला. चार वर्षांत प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट सुकून सिमेंट झालेली. खटका बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून आला. एएम4 ला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, 1331. त्यातल्या कोपऱ्यातल्या पाच वाकलेल्या.

खरं तर तो जुना प्रोसेसर, नवा बसवून मोकळा झालो असतो. पण राहवेना. आईचं भिंग घेतलं, 0.5 ची खटक्याची पेन्सिल शिसं काढून रिकामी केली, आणि तिच्या नळीत एकेक पिन घालून हलके हलके सरळ केली. दीड तास. तो प्रोसेसर आज ठाण्याला भाचीच्या पीसीत चालतोय. कूलर काढायच्या आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करायची आणि वर न ओढता डावीकडे-उजवीकडे पिळायचं, हे मला नंतर कळलं.

आता तुमचं. चौथ्या जनरेशनचा बोर्ड डीडीआर3 चा आहे. नवा बोर्ड घेतलात की रॅमही जाणार, आणि एसएमपीएस जुना असेल तर तोही. म्हणजे तो अपग्रेड नाही, हप्त्याने घेतलेला नवा पीसी आहे. तुम्ही फक्त ब्राउझर, एक्सेल आणि मुलांचा अभ्यास म्हणताय, तर सध्या 500 जीबीची साटा एसएसडी लावा. हार्ड डिस्कच्याच दोन केबली तिला लागतात, स्क्रूड्रायव्हर धरता येत असेल तर घरी होईल. पुढे नवा पीसी घेतलात तरी ती एसएसडी त्यात जाईल.

एक अडचण आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलची किमान आठवी जनरेशन आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, तुमचा त्यात बसत नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम चालणार असेल तर हा पीसी अजून काही वर्षं सहज काढेल. बँकेची कामं विंडोजवरच करायची असतील तर एसएसडी घेऊन थोडे महिने थांबा आणि सगळं एकदम घ्या. तेव्हा वरच्या बोर्डाचे जास्तीचे पैसे वाचवा आणि एसएमपीएसला घाला.