लॅरावेलमध्ये (वेबसाइट बनवायचं पीएचपीचं फ्रेमवर्क) युजरच्या फायली सर्व्हरवरच ठेवाव्यात की एस-थ्रीवर (अ‍ॅमेझॉनचं भाड्याचं ऑनलाइन स्टोरेज)? प्रत्येक डिप्लॉयनंतर (नवा कोड सर्व्हरवर चढवल्यावर) फोटो गायब होतात, काय करू?

तुमचे फोटो नुसते गायब होतात, हे नशीब समजा. आमचे बदलले होते.

2018 सालची गोष्ट. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होतो. काम होतं एका परीक्षेचे फॉर्म ऑनलाइन भरून घेण्याचं: फोटो, सही, मार्कशीट चढवा, पैसे भरा, झालं. टीम लीडला सगळे सर म्हणायचे. फायली एस-थ्रीवर ठेवूया म्हणून मी महिनाभर त्यांच्या मागे लागलो होतो. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन 2016 मध्येच सुरू झालं होतं, त्यामुळे ‘डेटा देशाबाहेर जातो’ ही सबबही उरली नव्हती. सर म्हणाले, “सर्व्हरवर दोनशे जीबी मोकळी पडलीये. भाड्याच्या खोलीत सामान कशाला ठेवायचं?” विषय संपला. वर आणखी एक फर्मान: क्लायंटच्या माणसाने फोल्डर उघडलं तर फाइल ओळखू आली पाहिजे, तेव्हा युजरने दिलेलं नाव तसंच ठेव. ठेवलं. स्टोअर-अ‍ॅज, आत परीक्षा केंद्राचं फोल्डर आणि गेट-क्लायंट-ओरिजिनल-नेम: म्हणजे फाइल केंद्राच्या फोल्डरात, युजरने दिलेल्या नावानेच ठेव. एक ओळ.

टेस्टिंगला आम्ही आमचेच फोटो चढवले. प्रत्येकाच्या फाइलचं नाव वेगळं, त्यामुळे सगळं गोड.

हॉलतिकिटं निघाली त्या दिवशी सकाळी साडेनऊला एका मुलीच्या वडिलांचा फोन. “साहेब, पोरीच्या हॉलतिकिटावर कुणा पोराचा फोटो आलाय. मिशा आहेत त्याला.” मला वाटलं, यांनीच चुकीचा चढवला असणार, तसं मी बोलूनही दाखवलं. दुपारपर्यंत त्याच मिशीवाल्याची अकरा हॉलतिकिटं सापडली, सगळी एकाच केंद्रावरची. फॉर्म पोरांनी भरलेच नव्हते. बाजारपेठेतल्या सायबर कॅफेवाल्याने भरले होते. तो प्रत्येकाचा फोटो स्कॅन करायचा, 50 केबीत बसवायचा आणि डेस्कटॉपवर फोटो डॉट जेपीजी नावाने सेव्ह करायचा. पुढचं गिऱ्हाईक आलं की जुन्यावर नवा. त्याने डेस्कटॉपवर जे केलं तेच आमच्या सर्व्हरने केलं, मुकाट्याने, एकही एरर न देता. डेटाबेसमध्ये अकरा विद्यार्थी, अकरा जणांच्या फाइलचा पाथ (पत्ता) एकच, आणि त्या पाथवर सगळ्यात शेवटी आलेला मिशीवाला. संध्याकाळपर्यंत अशी आणखी तीन केंद्रं निघाली.

मग क्लायंटसमोर मीटिंग. सरांनी लॅपटॉप फिरवून गिट ब्लेम दाखवलं, म्हणजे कोडची कुठली ओळ कुणी लिहिली त्याची यादी. नाव माझंच होतं, नाकारणार कसं? फर्मान मात्र तोंडी होतं, ते कुठल्याच कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत) नव्हतं. पुढचे दोन दिवस मी एकेका विद्यार्थ्याला फोन करून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवत बसलो होतो.

तर तुमचं. फोटो बहुधा यामुळे जातात: डिप्लॉयची स्क्रिप्ट दर वेळी नवं रिलीज फोल्डर बनवते आणि ‘करंट’ची सिमलिंक (एक प्रकारचा शॉर्टकट) तिकडे वळवते. स्टोरेज फोल्डर ‘शेअर्ड’मध्ये (सगळ्या रिलीजना सामायिक जागेत) नसेल तर जुने फोटो जुन्या रिलीजमध्येच पडून राहतात. आत्ताच जाऊन बघा, अजून पुसले नसतील तर तिथे सापडतील. डॉकर (अ‍ॅप बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायची सोय) असेल आणि व्हॉल्यूम (डब्याबाहेरची कायमची जागा) लावलेला नसेल तर मात्र जुन्या कंटेनरबरोबर गेले. स्टोरेज-लिंक कमांड पुन्हा पुन्हा मारून उपयोग नाही, ती फक्त पब्लिक फोल्डरातून स्टोरेजकडे लिंक बनवते, फायली नाही. आणि मार्कशीट, आधार असलं काही त्या पब्लिक फोल्डरात ठेवू नका. यूआरएल हाती लागलेला कुणीही उघडतो. ते प्रायव्हेट ठेवा आणि टेम्पररी यूआरएलने (ठरावीक वेळाने बंद पडणाऱ्या लिंकने) दाखवा.

नाव युजरचं घ्यायचं नाही म्हणजे नाही. साधं ‘स्टोअर’ वापरा, लॅरावेल स्वतःच चाळीस अक्षरांचं रँडम नाव देतं. मूळ नाव दाखवायची हौस असेल तर डेटाबेसमध्ये वेगळा कॉलम करा. क्लायंटला फोल्डर उघडून बघायचंय? त्याला अ‍ॅडमिन पॅनेल बनवून द्या, फोल्डर उघडायची वेळच त्याच्यावर का यावी?

मोठ्या फायली अडकल्या तर आधी कोड चाळत बसू नका. एनजिनएक्सची (वेब सर्व्हरची) मर्यादा मुळात 1 एमबी असते, पीएचपीची एका फाइलला 2 आणि अख्ख्या पोस्टला 8. लॅरावेलच्या व्हॅलिडेशनमधला (फाइल तपासायच्या नियमातला) मॅक्स केबीत मोजतात, 5 लिहिलंत तर 5 केबी. (यात माझी एक दुपार गेली आहे.)

सर्व्हर की एस-थ्री? एस-थ्री. दुसरा सर्व्हर जोडायची वेळ आली की डिस्कवरचे फोटो अर्ध्या लोकांना दिसतात, अर्ध्यांना नाही, आणि ती वेळ नेमकी फॉर्मच्या शेवटच्या दिवशी येते.

आता एक कबूल करतो, नाहीतर खाली कुणीतरी कमेंट करेलच. मिशीवाला एस-थ्रीवरही झाला असता. त्याच ‘की’वर (फाइलच्या नावा-पत्त्यावर) दुसरी फाइल टाकली की एस-थ्रीसुद्धा जुनी बदलून टाकतं, विचारत नाही. फरक एवढाच की बकेटवर (एस-थ्रीतल्या आपल्या कप्प्यावर) व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती जपून ठेवणं, चालू असतं तर आधीचे दहा चेहरे तिथेच मिळाले असते, फोन करावे लागले नसते. व्हर्जनिंग आपोआप चालू नसतं, मुद्दाम करावं लागतं, आणि जुन्या प्रतींचेही पैसे लागतात, म्हणून ठराविक दिवसांनी त्या पुसायचा लाइफसायकल नियम लावा. मी तो विसरलो आणि पुढच्या नोकरीत बिल बघून जरा वेळ गप्प बसलो. खर्चाबद्दल सर अगदीच चूक नव्हते. एकच सर्व्हर, दोन-चारशे फोटो, रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर, एवढंच असेल तर डिस्कवर ठेवा, मी भांडणार नाही. नावांबद्दल मात्र अजूनही भांडेन.

तुमचा डिप्लॉय कशाने होतो ते लिहिलं नाहीत. आधी जुनं रिलीज फोल्डर तपासा, फोटो मिळाले का सांगा.