वाचकांचे प्रश्न : जुन्या लॅपटॉपला मोठी हार्ड डिस्क

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि चादर व टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांना जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, डिझाइन्स काढून देतो. माझा लॅपटॉप २०१३ साली घेतलेला असून त्याला ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम आहे. त्यावर विंडोज १० चालते. डिस्कवर आता जेमतेम ९ जीबी जागा उरली आहे. लॅपटॉप सुरू होऊन काम करण्याजोगा व्हायला सात-आठ मिनिटे लागतात आणि मोठी फाइल उघडताना आतून टकटक असा आवाज येतो. एका दुकानदाराने २ टीबीची हार्ड डिस्क बसवून देण्याची तयारी दाखवली, तर दुसऱ्याने लॅपटॉपच बदलण्याचा सल्ला दिला. नवा घेणे सध्या शक्य नाही. शिवाय डिझाइनच्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी सापडत नाही. मोठी डिस्क बसेल का, किती मोठी घ्यावी, आणि सगळे काम जसेच्या तसे नव्या डिस्कवर येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट जागेची नसून त्या आवाजाची आहे, आणि म्हणून नवी डिस्क कोणती घ्यावी याआधी आजच काय करावे ते सांगतो. हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या तबकडीवरून हेड हवेच्या अत्यंत पातळ थरावर तरंगत माहिती वाचते. एखादा भाग वाचता आला नाही, की ते मागे जाऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. डिस्क थांबताना क्वचित होणारा एखादा टक् असा आवाज काळजीचा नसतो. परंतु फाइल उघडताना टकटक होत असेल आणि त्याच वेळी लॅपटॉप अडखळत असेल, तर डिस्क निकामी होण्याच्या मार्गावर आहे असेच धरून चालावे. आपला लॅपटॉप सुरू व्हायला लागणारा वेळही बहुधा जागेच्या टंचाईपेक्षा याच कारणाने वाढला असावा.

तेव्हा एक बाहेरची डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह घेऊन आधी फक्त डिझाइनचे फोल्डर उतरवून घ्यावे, मग हिशेबाची कागदपत्रे, आणि फोटो व व्हिडिओ सर्वांत शेवटी. ही नक्कल पूर्ण होईपर्यंत डिफ्रॅगमेंट (विखुरलेली माहिती सलग लावणे) किंवा डिस्क दुरुस्त करणारी कोणतीही आज्ञा चालवू नये, कारण त्या कामात आजारी डिस्कला तासन्‌तास राबावे लागते आणि पुष्कळदा ती तेवढ्यातच बंद पडते. नक्कल झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये डिस्कची प्रकृती पाहावी. ‘रीअलोकेटेड’ (खराब ठरून बदललेले) आणि ‘पेंडिंग’ (वाचता न आलेले) सेक्टर, म्हणजे डिस्कवरील लहान भाग, यांपुढे ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्याहून अधिक आकडा असेल, तर शंकेला जागा उरत नाही. मात्र आकडे चांगले दिसले तरी आवाजाकडे दुर्लक्ष करू नये.

आता मूळ प्रश्न. मोठी डिस्क नक्की बसेल. २०१३ च्या ज्या लॅपटॉपमध्ये ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे, त्यात ती जवळजवळ निश्चितच अडीच इंची आणि साटा जोडणीची असते. पाहायची ती जाडी. जुन्या लॅपटॉपमधील खण बहुधा ९.५ मिमीचा असतो, काही सडपातळ लॅपटॉपमध्ये ७ मिमीचा. ७ मिमीची डिस्क दोन्हींत बसते. खण मोठा असल्यास ती हलू नये म्हणून प्लास्टिकची पातळ चौकट लावतात. २ टीबीपर्यंतची डिस्क जुन्या पद्धतीच्या बायोसलाही (लॅपटॉप सुरू करणाऱ्या अंगभूत प्रणालीलाही) चालते. त्यापुढे मात्र एमबीआर या डिस्कचे भाग पाडण्याच्या जुन्या पद्धतीची मर्यादा आड येते, आणि लॅपटॉपच्या खणात मावेल एवढ्या पातळ हार्ड डिस्काही त्यापुढे मिळत नाहीत.

तरीही आपल्याला सुचवलेली २ टीबीची हार्ड डिस्क घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढी माहिती पातळ डिस्कमध्ये मावावी म्हणून उत्पादक तिच्यावरील माहितीचे वर्तुळाकार मार्ग (ट्रॅक) कौलारू छपरावरील कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहितात. त्यामुळे एका ठिकाणी बदल करायचा झाला तरी शेजारचे मार्ग पुन्हा लिहावे लागतात आणि विंडोजसारखी सतत लहानसहान लेखन करणारी प्रणाली अशा डिस्कवर रखडते. शिवाय तबकडी फिरण्याची मर्यादा कायमच राहते : मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद, आणि त्यात हेड सरकण्याचा वेळ मिळवला तर विखुरलेली माहिती सेकंदाला साठ-सत्तर वेळा वाचून होते, एवढेच. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काही नसल्याने हेच वाचन हजारोंच्या संख्येने होते. अडीच इंची साटा एसएसडी आपल्या लॅपटॉपच्या त्याच जोडणीत बसते आणि सुरू होण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. जुन्या लॅपटॉपची इतकी मोठी सुधारणा दुसऱ्या कोणत्याही एका भागाने होत नाही.

क्षमतेचा हिशेब आपल्याच कामावरून करू. जेकार्डच्या डिझाइनमध्ये एक चौकट म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट. उभे धागे उचलणाऱ्या २६८८ हुकांच्या जेकार्डसाठी १०,००० आडव्या धाग्यांचे डिझाइन केले, तर २ कोटी ६८ लाख ८० हजार चौकटी होतात. प्रत्येक चौकटीला एक बिट धरल्यास ही फाइल सुमारे ३.४ एमबीची होते आणि रंगीत, आठ बिटांची असल्यास सुमारे २७ एमबीची. म्हणजे अशी हजार रंगीत डिझाइन्स साठवली, तरी त्यांना २७ जीबीच जागा लागेल. आपली डिस्क डिझाइन्सनी भरलेली नसून नमुन्यांचे फोटो, स्कॅन आणि फोनवरून आलेले व्हिडिओ यांनी भरलेली असण्याचा संभव अधिक. म्हणून १ टीबीची एसएसडी आपल्याला पुरून उरेल. पैशांची ओढाताण असेल आणि व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवण्याची तयारी असेल, तर ५०० जीबीचीही चालेल, मात्र थेट नक्कल करायची असल्यास नवी डिस्क जुनीपेक्षा एका बाइटनेही लहान असता कामा नये.

आपल्याकडे सॉफ्टवेअरची सीडी नसल्यामुळे ही थेट नक्कल, म्हणजे क्लोन, आपल्यासाठी फार मोलाची आहे. नवी एसएसडी यूएसबीच्या केबलने जोडून क्लोनझिलासारख्या विनामूल्य साधनाने संपूर्ण डिस्क उतरवता येते आणि विंडोज, सॉफ्टवेअर, फाइली सगळे जागच्या जागी येते. त्याआधी बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास तो बंद करावा. स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणते, हे डिस्कच्या क्षमतेवरून आणि मॉडेल क्रमांकावरून दोनदा तपासावे. घाईत या दोन डिस्कांची अदलाबदल होऊन कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर चढल्याचा प्रसंग माझ्या हातून घडलेला आहे. तेव्हा वेगळी प्रत होती म्हणून काम वाचले. म्हणूनच फोल्डर आधी उतरवून घ्या, असे इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

दोन अडचणी संभवतात. डिस्क फारच खराब असेल तर क्लोन मध्येच थांबेल. मग वाचता न येणारे भाग ओलांडून पुढे जाण्याचा पर्याय वापरावा लागतो आणि तेही न जमल्यास विंडोज नव्याने टाकावे लागते. दुसरी अडचण परवान्याची. विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलल्याने तो जात नाही. परंतु काही व्यावसायिक सॉफ्टवेअरचा परवाना हार्ड डिस्कच्या अनुक्रमांकाशी जोडलेला असतो, तर काहींचा यूएसबी डाँगलशी, म्हणजे लॅपटॉपला खोचून ठेवायच्या छोट्या उपकरणाशी. डाँगल असेल तर काळजी नाही. नसेल तर डिस्क बदलण्यापूर्वीच सॉफ्टवेअर देणाऱ्याशी बोलून घ्यावे.

लॅपटॉप उघडलाच आहे तर पंखाही साफ करून घ्यावा. कारखान्यात नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये मागावरून उडणारे कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीत अडकून त्याचा नमदा होतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेल्यावर आतली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. त्याच वेळी रॅम ८ जीबी करता आली तर करावी. उघडण्यापूर्वी चार्जर काढून, काढता येण्याजोगी असेल तर बॅटरीही काढावी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि २०१३ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही; त्यामुळे हा लॅपटॉप डिझाइनपुरता ठेवून बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.

जुनी डिस्क काढल्यावर लगेच पुसू नये. निदान महिनाभर ती तशीच बाजूला ठेवावी, आणि त्या काळात प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक तरी जुने डिझाइन नव्या डिस्कवर उघडून पाहावे. तिचा बॅकअपसाठी वापर मात्र कदापि करू नये. पुढे भंगारात देताना ती आधी पुसून घ्यावी किंवा तबकडी फोडून निकामी करावी, कारण तिच्यावर केवळ आपले नव्हे, तर ज्या कारखानदारांनी विश्वासाने आपल्याला काम दिले त्यांचेही नमुने आहेत.

प्रश्न : मी जुन्या लॅपटॉपला १ टीबीची डिस्क बसवून घेतली, पण विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसतात. दुकानात फसवणूक झाली का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. उत्पादक १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट मोजतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत भाग देऊन जीबी दाखवते आणि तो भागाकार ९३१ च येतो. आकडा बरोबर दिसूनही क्षमता खोटी असण्याचा प्रकार अनोळखी, फार स्वस्त एसएसडीमध्ये आढळतो. आपल्याला तशी शंका असेल, तर एचटूटेस्टडब्ल्यू हा विनामूल्य प्रोग्रॅम डिस्कच्या रिकाम्या जागेत माहिती लिहून ती परत वाचतो आणि खरी क्षमता दाखवतो.