शिक्षण संस्थेच्या कार्यकारिणीवर पुन्हा उभं राहायचंय, पण या वेळी अपक्ष. तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: निफाड तालुक्यातल्या एका शिक्षण संस्थेवर तुम्ही गेल्या वेळी पॅनलमधून संचालक झालात, आता दोन्ही पॅनल सोडून उभं राहायचंय. अपक्ष निवडून येतो का, आणि सुरुवात कुठून करायची?

येतो. पण अपक्षाचा निकाल मतदार यादी आणि मतपत्रिका या दोन कागदांवर लागतो. सभा, फलक, गाड्या यांत पॅनलशी बरोबरी होणार नाही. त्यात पैसा घालू नका.

संस्थेच्या निवडणुकीला निवडणूक आयोग नसतो. संस्थेची घटना हाच नियम, आणि तिच्यावर १८६० चा संस्था नोंदणी कायदा व १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा. म्हणून आधी नाशिकच्या धर्मादाय कार्यालयातून घटनेची प्रमाणित नक्कल काढा. संस्थेच्या कपाटातल्या छापील पुस्तिकेवर विसंबू नका. सभेत मंजूर झालेली पण धर्मादायकडे नोंद न झालेली दुरुस्ती त्यात बिनदिक्कत छापलेली असते. त्याच फेरीत परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादायकडे असलेल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा घ्या. विश्वस्त म्हणून तुमचं नाव त्यावर आहे का ते पाहा. कार्यकारिणी बदलली की १९५० च्या कायद्याच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादायकडे त्या बदलाची नोंद मागणारा बदल अर्ज द्यावा लागतो, आणि अनेक संस्थांचे अर्ज हरकतींमुळे वर्षानुवर्षं लटकलेले असतात. तुमच्या मंडळाचा अर्जही तसाच प्रलंबित असेल तर छाननीच्या दिवशी कुणीतरी तो विषय काढणार. उत्तर कागदासकट तयार ठेवा.

आता मतदार यादी. खरं काम इथेच आहे आणि पॅनलवाले नेमके इथे सुस्त असतात. कच्ची यादी लागली की गावनिहाय वेगळी करा आणि प्रत्येक गावात एका माहितगार माणसाबरोबर बसून नावं वाचा: मयत, दुबार, पुण्या-मुंबईला गेलेले, पत्ता चुकलेले. वर्गणीदार सभासद असतील तर थकबाकी बघा. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली तर मताचा हक्क राहत नाही. आपल्या माणसांची वर्गणी वेळेत भरून पावती त्यांच्या हातात द्यायला सांगा. हरकत तोंडी घेऊ नका. लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. मुदत संपल्यावर कितीही खरी हरकत असली तरी उपयोग नाही.

कोणत्या जागेवर उभं राहायचं हा अर्धा निकाल आहे. अध्यक्ष, सरचिटणीस अशा एकाच जागेच्या पदासाठी मतदाराला पॅनलचा प्रमुखच नाकारावा लागतो, ते अपक्षासाठी फार जड जातं. जिथे एका मतपत्रिकेवर अनेक, समजा अकरा, संचालक निवडायचे असतात तिथे तुम्ही सभासदाकडे अकरातलं फक्त एक मत मागता. पॅनलचा पक्का माणूसही एक मत इकडेतिकडे करतो. तालुका संचालक म्हणून उभं राहायची सोय असेल तर तिचाही विचार करा, फक्त त्या तालुक्यातच मतदान होतं की सगळ्या सभासदांचं, हे घटनेत नीट वाचा.

सूचक आणि अनुमोदक यादीतले, थकबाकी नसलेले निवडा. यादीतल्या नावाचं स्पेलिंग, अनुक्रमांक आणि अर्जावरची सही जुळली पाहिजे. चालत असेल तर वेगवेगळ्या सूचकांचे दोन अर्ज भरा. एक सूचक दबावाखाली फिरला की छाननीत अर्ज उडतो, आणि असं होतं.

मतपत्रिकेकडे येऊ. अपक्षाची सर्वांत जास्त मतं इथे वाया जातात. तुम्हाला मत द्यायचं ठरवून आलेला सभासद आधी सवयीने आपल्या पॅनलच्या अकराही नावांवर शिक्के मारतो, मग तुमचं नाव सापडतं आणि बारावा शिक्का पडतो. जागांपेक्षा जास्त शिक्के म्हणजे त्या गटातली सगळी मतं बाद. म्हणून नमुना मतपत्रिका छापा, खऱ्यापेक्षा वेगळ्या रंगाच्या कागदावर, आडवं 'नमुना' लिहून. तिच्यावर तुमचा अनुक्रमांक ठळक हवा. घरोघरी एकच वाक्य सांगा: 'आधी माझा शिक्का मारा, मग राहिलेले दहा तुमच्या मनाने.' क्रम उलटा झाला की घोळ होतो. 'फक्त मलाच द्या' हे सांगण्याआधी घटना बघा. सगळी मतं दिली नाहीत तर मतपत्रिका बाद, अशी अट काही ठिकाणी असते.

पुन्हा उभं राहणाऱ्याला लोक हिशेब विचारणार, आणि विचारलाच पाहिजे. तुमच्या काळातलं प्रोसिडिंग, म्हणजे सभांचं इतिवृत्त, काढून वाचा. कुठल्या ठरावाला पाठिंबा दिलात, कुठे विरोध नोंदवला, हे पाठ असू द्या. जमिनीचा प्रश्न हमखास येतो: विक्री, अदलाबदल, बक्षीस, तसंच शेतजमीन दहा वर्षांपेक्षा किंवा बिगरशेती जागा अथवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर १९५० च्याच कायद्याच्या कलम ३६ ची धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती घेतली होती का? ऑडिट अहवाल सादर झाले का? आणि नोकरीचा शब्द कुणालाही देऊ नका. शाळेत किती पदं हे संचमान्यता, म्हणजे शिक्षण खात्याची पदमंजुरी, ठरवते; अनुदानित शिक्षकपदांसाठी उमेदवार शासनाच्या पवित्र पोर्टलवरून येतात. मुलाच्या नोकरीच्या आशेवर बाप मत देतो, त्याला फसवणं मला अत्यंत वाईट वाटतं. त्यापेक्षा तुमच्या अखत्यारीत येतं ते बोला: मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी, प्रयोगशाळेतलं साहित्य, वर्गखोलीचं गळकं छत.

भेटींची वेळ शेतीप्रमाणे ठरवा. गोडी छाटणीच्या दिवसांत द्राक्षवाला दुपारी भेटत नाही, उन्हाळ कांदा काढणीला असेल तर कांदेवालाही नाही. संध्याकाळी सात ते नऊ घरी जा, नाहीतर लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समितीत गाठा. बाहेरगावच्या सभासदांना फोन स्वतः करा, कार्यकर्त्याकडून नको. एका पॅनलशी आतून मतांची देवाणघेवाण करायचा प्रस्ताव नक्की येईल. ती बातमी रात्रीतून दुसऱ्या पॅनलकडे पोचते आणि दोन्हीकडची सुटी मतं जातात.

मोजणीला तुमची माणसं कमी, टेबलं जास्त. आधी एकगठ्ठा पॅनल मतं आणि फुटलेली मतं वेगळी केली जातात. तुमची मतं दुसऱ्या ढिगात आहेत, माणसं तिथेच बसवा. मतदान बंद होताना केंद्रनिहाय मतपत्रिकांचा हिशेब लिहून घ्या आणि पेटी उघडल्यावर आकडा जुळवा. घडीमुळे बाणफुलीच्या (मतदानाच्या) शिक्क्याची शाई समोरच्या नावावर लागली तर तो ठसा उलटा असतो. अधिकारी मत बाद करायला निघाला तर जागच्या जागी दाखवून द्या. फेरमोजणीचा अर्ज निकाल जाहीर होण्याआधी, कारणासह, लेखी द्या.

निकालानंतर नव्या मंडळाचा बदल अर्ज धर्मादायकडे जातो. यादीत किंवा मोजणीत गडबड झाल्याचा कागदोपत्री पुरावा असेल तर १९५० च्या कायद्याच्या कलम ७३ अ नुसार हितसंबंधित व्यक्ती म्हणून त्या चौकशीत पक्षकार होता येतं. तिथे आधी घेतलेल्या पोचपावत्याच कामाला येतात, त्यामुळे पहिल्या हरकतीपासूनची फाइल तारखेवार लावून ठेवा.