स्पिनचे जालक आणि शून्य न होणारे चुंबकन

प्रश्न : मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असून प्रकल्पासाठी द्विमितीय आयसिंग प्रतिकृतीचा (जालकाच्या प्रत्येक घरात ‘वर’ किंवा ‘खाली’ दिशेचा एकेक स्पिन, म्हणजे सूक्ष्म चुंबक) प्रोग्रॅम मेट्रोपोलिस पद्धतीने (एकेक स्पिन यादृच्छिक रीतीने उलटवून पाहत) लिहिला आहे. पुस्तकाप्रमाणे 2.269 या (एककविरहित) तापमानाला चुंबकन, म्हणजे सर्व स्पिनच्या दिशांची सरासरी, शून्य व्हायला हवे. पण माझ्या 32×32 जालकावर ते 2.4 लाही 0.3 च्या आसपास उरते. उलट 16×16 जालकावर 2.2 ला, जिथे ते भरपूर असायला हवे, तिथे दीर्घ सरासरी जवळपास शून्य येते. प्रोग्रॅम चुकला आहे का?
– एक विद्यार्थिनी, औसा (जि. लातूर)

उत्तर : प्रोग्रॅमपेक्षा अपेक्षा तपासावी लागेल. मात्र हे दोन आकडे एकाच सूत्रातून आलेले दिसत नाहीत : पहिल्यात तुम्ही चुंबकनाचे निरपेक्ष मूल्य घेतले असावे, दुसऱ्यात चिन्हासह सरासरी काढली असावी. लहान जालक 2.2 ला कधी ‘वर’, तर कधी ‘खाली’ अशा स्थितीत राहते आणि अधूनमधून संपूर्ण उलटते, त्यामुळे चिन्हासह घेतलेली सरासरी कालांतराने शून्याकडे जाते. अनंत जालकासाठी 2.2 ला चुंबकनाचे नेमके उत्तर सुमारे 0.78 आहे.

आता 2.4 चे. भौतिकशास्त्रज्ञ ऑन्सागर यांनी 1944 मध्ये काढलेले क्रांतिक तापमान (चुंबकन जिथे नाहीसे होते ते 2.269) अनंत जालकाचे आहे. मर्यादित जालकात खरे प्रावस्था संक्रमण (चुंबकित स्थितीतून अचुंबकित स्थितीत नेमक्या तापमानाला होणारा बदल) होतच नाही, त्याची केवळ गोलसर झालेली छाया दिसते. 2.4 ला स्पिनचे सहसंबंध अंतर (साधारण जेवढ्या अंतरापर्यंत स्पिनच्या दिशा एकमेकींशी निगडित राहतात ते) सुमारे दहा घरांचे असते, म्हणजे तुमच्या जालकाची बाजू त्याच्या जेमतेम तिप्पट भरते. एवढ्या जागेत एकाच दिशेचे मोठे पुंजके एकमेकांना पुरते खोडून काढू शकत नाहीत. ऐन क्रांतिक तापमानाला तर चुंबकन बाजूच्या लांबीच्या उणे एक अष्टमांश घातानुसार घटते. बाजू दुप्पट केली, तरी ते केवळ आठ टक्क्यांनी उतरते आणि निम्मे व्हायला बाजू 256 पट करावी लागेल! त्यामुळे आलेख शून्याला कुठे टेकतो हे शोधत बसणे व्यर्थ आहे.

त्याऐवजी 16, 32 आणि 64 अशा तीन आकारांसाठी बिंडर गुणांक काढावा : चुंबकनाच्या चौथ्या घाताच्या सरासरीला वर्गाच्या सरासरीच्या वर्गाच्या तिपटीने भागावे आणि भागाकार एकातून वजा करावा. कमी तापमानाला हा गुणांक दोन तृतीयांशाकडे व जास्त तापमानाला शून्याकडे जातो, आणि वेगवेगळ्या आकारांचे आलेख क्रांतिक तापमानाजवळ एकमेकांना छेदतात. चौरस जालकाच्या कडा परस्परांना जोडलेल्या असतील, तर छेदबिंदूची उंची 0.61 च्या आसपास यावी. तशी आली, तर प्रोग्रॅमविषयीची शंका बव्हंशी मिटेल.

64 च्या जालकावर एक अडचण येईल. क्रांतिक तापमानाजवळ मेट्रोपोलिस पद्धत फार मंदावते. बाजू दुप्पट झाली की एकमेकांपासून स्वतंत्र स्थिती मिळण्यास सुमारे साडेचारपट फेऱ्या (एका फेरीत प्रत्येक स्पिनला सरासरी एकदा संधी) लागतात. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फ यांच्या 1989 च्या पद्धतीत एकेका स्पिनऐवजी समान दिशेच्या शेजाऱ्यांना जोडत संपूर्ण पुंजका उलटवला जातो. क्रांतिक तापमानाला शेजारी जोडण्याची संभाव्यता 0.586 असते. माझ्या मते प्रकल्पात दोन्ही पद्धती घेऊन त्यांची तुलना मांडावी, परीक्षकांनाही तेच अधिक आवडेल. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने ठरावीक फेऱ्यांनंतर जालकाबरोबरच यादृच्छिक संख्या-जनकाची स्थितीही फाइलमध्ये साठवत जावी.