आधी एक न्यूरॉन नीट वाढव

अनेक आशीर्वाद.

संगणकावर हजार न्यूरॉनचं (चेतापेशींचं) आभासी जाळं उभं करायचा बेत तूर्त बाजूला ठेव. पाषाणला आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकावर वेळ मिळाला तरी घोळ तोच राहील, फक्त भराभर होईल. आधी लॅपटॉपवर एकच वाढव.

न्यूरोमॉर्फो या खऱ्या न्यूरॉनच्या आकारांच्या ऑनलाइन संग्रहावरून एकाच प्राण्याच्या, मेंदूच्या एकाच भागातल्या पेशींच्या एसडब्ल्यूसी फाइल (पेशीचा आकार बिंदूबिंदूने नोंदवणाऱ्या) उतरवून घे. सात रकान्यांतला सहावा त्रिज्येचा, व्यासाचा नव्हे. त्रिज्येला व्यास समजलास की पृष्ठफळ निम्मं, आणि पुढचं विद्युतगणित गेलंच.

खरी मेख फाटे फुटण्यात आहे. वाढत्या फांदीच्या प्रत्येक टोकाला तासाला ०.०२ असा फाटे फुटण्याचा दर दिलास, तर १० दिवसांत एका टोकाची सरासरी सुमारे १२० टोकं होतात. ०.०५ केलास तर दीड लाखाच्या वर! मग दर खालीवर करत बसू नकोस, दुखणं रचनेत आहे. पेशीकडचं ट्युब्युलिन, म्हणजे फांद्या वाढवायला लागणारं प्रथिन, मर्यादित. टोकं वाढतील तसा प्रत्येकाचा दर उतरायलाच हवा. व्हान पेल्ट या संशोधकांच्या फाटे फुटण्याच्या मॉडेलमध्ये त्यासाठी दराला टोकांच्या संख्येच्या ऋण घाताने गुणतात. घातांक शून्य ठेवलास की पुन्हा तोच स्फोट.

आता वेळेची पायरी (गणित एका वेळी किती पुढे सरकतं ती) बदलून बघ. सरासरी आकडे हलले तर कोडमध्ये गडबड आहे. फाट्याची शक्यता पायरीच्या प्रमाणात घटते, पण वाढीच्या दिशेतला यादृच्छिक हेलकावा पायरीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात: पायरी पाव केली की हेलकावा निम्मा. दोन्हींना एकच नियम लावला की तंतू उगाच सरळसोट निघतात, आणि चित्र इतकं देखणं दिसतं की कुणाला शंकाही येत नाही.

लांबी आणि टोकांची संख्या मॉडेल खऱ्या पेशींशी जुळवायला वापरलीस, तर पडताळणी त्यांवर नको. शोल आलेख काढ: पेशीपिंडाभोवती दर १० मायक्रोमीटरला एक गोल, त्याला किती फांद्या छेदतात ते मोज. वेगवेगळे १०० सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका सुरू करणारे आकडे) चालव. सरासरीइतकाच विखुरही जुळायला हवा.

जोडण्या सगळ्यात शेवटी. हजार पेशी, प्रत्येकीच्या फांद्यांचे हजार तुकडे. जोडीजोडीने तपासायचं म्हटलं तर ५० हजार कोटी जोड्या. जागेचे घन पाड आणि शेजारचे धरून २७ घनच बघ. घनाची बाजू तुकड्याची लांबी अधिक स्पर्शअंतर (ज्याच्या आत स्पर्श धरायचा ते) याहून कमी नको, नाहीतर जोड्या निसटतात. आणि २ मायक्रोमीटरच्या आत आले म्हणून सिनॅप्स (दोन पेशींमधली खरी जोडणी) झाला असं धरू नकोस. ती फक्त शक्यता.

आलेख झाला की पाठव. सोबत सीड आणि पायरी लिही, म्हणजे इथे तोच काढून बघता येईल.