'एम्प्रेस'वर दुसऱ्यांदा जाताय? मग एवढं करा

ताई, 'एम्प्रेस' या पर्यटन बोटीवर (क्रूझवर) एकदा जाऊन आलात आणि पुन्हा जावंसं वाटतंय, हे तुमच्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. मीही तिच्यावर परत परत जातो.

आधी तिचं वय लक्षात घ्या. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, तेव्हाची 'नॉर्डिक एम्प्रेस'. मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीसाठी धावू लागली २०२१ मध्ये. आकारमान सुमारे ४८,५०० टन. आजच्या 'आयकॉन ऑफ द सीज' या अवाढव्य क्रूझ बोटीचं अडीच लाखांच्या घरात! त्यामुळे नव्या बोटींशी तुलना करत चढलात तर हिरमोड होईल. खोल्या लहानच आहेत. पण दोन दिवसांत सगळी बोट पायाखालची होते, हे सुख मोठ्या बोटीवर नाही.

दुसऱ्यांदा जाणारे हमखास चुकतात ते इथे:

- फक्त भाडं बघून खोली घेतात. बोटीचा नकाशा उघडा. वर नाचगाण्याची जागा नको, अगदी मागचं टोकही नको, तिथे इंजिनाची थरथर जाणवते. मधली, खालच्या मजल्यावरची घ्या. हेलकावे कमी लागतात.
- पहिल्या खेपेचे सगळे कार्यक्रम पुन्हा करतात. गोवा पाहिलाय ना? मग बोट मुरगावला लागल्यावर उतरूच नका. डेक रिकामा, तलाव रिकामा!
- उतरलातच, तर परतायची वेळ काटेकोर पाळा. बोट थांबत नाही.

सुरक्षेची कवायत मात्र 'मला माहीत आहे' म्हणून टाळू नका.

लक्षद्वीपच्या फेरीचं नंतर बोलू. आधी ही फेरी करून या.